छाती कशी दाबायची हे शिकवणाऱ्या विद्याला

विद्या, शोकसभेत पडद्यावर तुझा जो फोटो लावला होता, तो खराडीतल्या त्या कंपनीच्या रिसेप्शनवरच्या कॅमेऱ्याने काढलेला होता. व्हिजिटर पास देताना काढतात तो. हेल्मेटने चपटे झालेले केस, कपाळाला आठी, आणि "अजून किती वेळ?" असा चेहरा. त्यांच्याकडे तुझा दुसरा फोटोच नव्हता. इतकी वर्षं तू त्यांच्या माणसांना शिकवायला त्या इमारतीत जात होतीस आणि कुणी कधी तुझा एक फोटो काढून ठेवला नव्हता. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं असणार की त्या दिवशीचा पास सिस्टीममध्ये आहे की. तोच मोठा करून लावला. खाली इंग्रजीत एक गोड ओळ, कडेला पांढऱ्या फुलांची चित्रं. मी पहिल्या रांगेत बसून तुझ्याकडे बघत होते आणि एकच गोष्ट डोक्यात होती. हा फोटो काढून झाल्यावर हिला सांगितलं गेलं, "मॅम, प्लीज बसा, सर मीटिंगमध्ये आहेत." आणि तू बसलीस. पुन्हा उठली नाहीस.

सगळे मला म्हणतात, "सुधाताई, लिहा काहीतरी, मन हलकं होईल." मला मन हलकं करायचं नाहीये. तुझं शिक्षण कुठे झालं, तुला कुठली प्रशस्तिपत्रं मिळाली हे तुझ्या भावाने अमरावतीच्या पेपरात दिलं आहे, ते तिथेच शोभतं. मी आपली तुझ्याशी बोलते. एवीतेवी आपलं भांडण अर्धवटच राहिलं आहे.

त्या भांडणाची सुरुवात याच खराडीत झाली. आज तिथे काचेच्या इमारतींशिवाय काही दिसत नाही. तेव्हा शेतं होती, मधूनच एखादी वीटभट्टी, आणि आपला पत्र्याच्या शेडचा कारखाना. परदेशी गाड्या नुकत्याच देशात बनायला लागल्या होत्या आणि त्यांचे लहानमोठे पत्र्याचे भाग आपल्या पॉवर प्रेसवर, पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांवर, निघायचे. ऑर्डरी इतक्या की आपले वर्क्स मॅनेजर साठेसाहेब दर आठवड्याला माझ्याकडे नवी माणसं मागायचे. मी पर्सोनेलमध्ये, भरती माझ्याकडे. वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडची पोरं एसटीतून उतरून पिशवीसकट कारखान्याच्या दारात उभी राहायची. सकाळी नाव नोंदवलं की दुपारी प्रेसवर. शिकवणं म्हणजे काय, तर शेजारच्याने सांगायचं, "मी करतो तसं कर."

सेफ्टी ऑफिसर म्हणून बाई येणार म्हटल्यावर शेडमध्ये हसाहशी झाली होती. आम्हा ऑफिसातल्या लोकांनाही वाटलं, कायद्याला दाखवायला एक नाव लागतं म्हणून घेतली असेल. तू आलीस, कुणाशी ओळख करून न घेता सरळ शेडमध्ये गेलीस आणि पहिल्याच प्रेससमोर थांबलीस.

"याची जाळी कुठे आहे?"

ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, जाळी लावली की हात अडतो."

"हात अडावा म्हणूनच असते ती," तू म्हणालीस आणि स्विच बंद केलास.

साठेसाहेब धावत आले. ते तसे वाईट नव्हते, पण माल वेळेवर गेला नाही की त्यांचा रक्तदाब वाढायचा. "अहो बाई, लाइन थांबवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" तू शांतपणे म्हणालीस, "अधिकार दिला नसेल तर मला कशाला घेतलंत? शोभेला कुंडी आणायची होती." मी दारात उभी होते. त्या क्षणी मला कळलं की एक तर ही बाई इथे महिनाभरही टिकणार नाही, नाही तर साठेसाहेब टिकणार नाहीत. दोघंही टिकलात, हे तुम्हा दोघांचं कौतुक.

पण जाळी लावून घेतलीस म्हणून लगेच सगळं सरळ झालं नाही. तू पाठ फिरवलीस की जाळ्या निघायच्या. संतोष राऊत तसाच सापडला. वाशीमकडचा, लग्न होऊन वर्ष झालेलं, बायको गावाला. आल्या आल्या त्याला प्रेसवर बसवलं. पेडल कधी दाबायचं आणि हात कधी काढायचा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आपण दोघी दवाखान्यात गेलो तेव्हा तो पट्टी बांधलेला हात चादरीखाली लपवून पडला होता. साहेबांकडून कुणी आलं म्हणजे आता नोकरी गेली, एवढंच त्याला कळत होतं. तू खुर्ची ओढून बसलीस आणि तोपर्यंत आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलणारी तू एकदम म्हणालीस, "काहून रे, जेवला नाही का तू? इथलं अन्न गोड लागत नाही का तुले?" त्याने तुझ्याकडे बघितलं आणि ढसाढसा रडायला लागला. आपल्या गावाकडचं कुणी तरी भेटल्यासारखा.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "त्याची बोटं मशीनने नाही तोडली. त्याला शिकवायला अर्धा दिवस नव्हता यांच्याकडे." आणि मग स्कूटरला किक मारताना सलग चार वेळा किक चुकली.

त्यानंतर तू जे सुरू केलंस ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते. नवीन माणूस पहिला आठवडा प्रेसला हात लावणार नाही, हे तू वरपर्यंत भांडून मान्य करून घेतलंस. जुन्या ऑपरेटरांना आधी शिकवलंस, म्हणजे ते नव्यांना चुकीचं शिकवणार नाहीत. बोलणं त्यांच्या बोलीत. मंडईतून काकड्या आणायचीस, एक कापडी हातमोज्यात भरायचीस आणि सगळ्यांसमोर प्रेसखाली ठेवायचीस. प्रेस खाली यायचा, मोज्यातून पाणी गळायचं. शेडमध्ये कुणी हसायचं नाही. मग तू म्हणायचीस, "आता ज्याला जाळी काढायची आहे त्याने इथे येऊन माझ्यासमोर काढावी." कुणी यायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, मशीनमध्ये काही खटकलं तर ते बंद करायचा हक्क तू ऑपरेटरला दिलास. साठेसाहेबांना वाटलं आता दिवसभर मशिनं बंदच राहतील. तसं काही झालं नाही. माणसाला एकदा कळलं की आपण थांबवलं तर कुणी ओरडणार नाही, की तो उगाच थांबवत नाही.

संतोष परत आला. तू त्याला माल तपासायच्या टेबलावर घेतलंस. नंतर नव्या पोरांना शिकवताना तू त्याला शेजारी उभा करू पाहिलंस तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, माझा हात दाखवायला नका लावू." तू तिथल्या तिथे त्याची माफी मागितलीस, सगळ्यांसमोर. अधिकारी माणसाने कामगाराची माफी मागितलेली त्या शेडने आधी पाहिलेली नव्हती.

आता आपलं भांडण.

माझ्या टेबलावरून मला एक गोष्ट दिसायला लागली होती. पूर्वी पोरं दिवाळीला गावी गेली की निम्मी परत यायची नाहीत. मी पुन्हा भरती करायची, पुन्हा नवी माणसं, पुन्हा वाया गेलेला माल. तू शिकवायला लागल्यावर ती परत यायला लागली. परत येताना चुलतभावाला, मेव्हण्याला घेऊन यायची. मी एकाला विचारलं, "शेजारच्या कंपनीत चार पैसे जास्त देतात, तिकडे का नाही गेलास?" तो म्हणाला, "इथं निदान शिकवतात. आईला सांगून आलोय, मशीनवर नीट बसवतात म्हणून." रजा कमी झाल्या. खराब माल कमी झाला, कारण घाबरलेला हात वाकडा पत्रा लावतो आणि शिकलेला हात सरळ लावतो, एवढं साधं आहे ते. व्यवस्थापनाने जेव्हा तुझा तो पहिला आठवडा बंद करायचं काढलं, तेव्हा मी मीटिंगमध्ये हे सगळं मांडलं. माणसं टिकतात, माल सुधारतो, उत्पादन वाढतं. त्यांचे चेहरे उजळले. प्रशिक्षण चालू राहिलं, उलट वाढलं.

मला वाटलं तू डबा खाताना मला शाबासकी देशील. तू डबाच उघडला नाहीस.

"तू माह्या पोरायची बोटं विकून राहिली, सुधा."

रागावलीस की तुझी अमरावती बाहेर यायची. मी म्हटलं, "अगं, मी तुझं काम वाचवलं."

"बोटं वाचली पाहिजेत म्हणून वाचवायची. उत्पादन वाढते म्हणून नाही. आज तू त्यायले सांगितलं की शिकवणं परवडते. उद्या त्यायच्या लक्षात आलं की न शिकवणं जास्त परवडते, मग काय सांगशील?"

"त्यांना जी भाषा कळते त्या भाषेत बोलले मी. तुझी भाषा त्यांना कळत नाही."

"मग शिकव त्यायले माही भाषा."

त्यावर मी म्हटलं होतं, "माझ्यासारख्या शनिवार पेठेत वाढलेल्या बाईने कारखानदारांना माणुसकी शिकवायची आणि तोवर पोरांनी बोटं तोडून घ्यायची, असं म्हणतेस?" तू हसली नाहीस. पण माझ्या डब्यातली भाजी मात्र घेतलीस, म्हणजे भांडण त्या दिवसापुरतं संपलं होतं. मग ते आयुष्यभर चाललं. फोनवर, लग्नकार्यात, एकदा तर तुळशीबागेत पातेली घेताना. मी अजूनही म्हणते की मी चुकले नव्हते. त्या भाषेत बोलले नसते तर तुझी ती वर्षं तुला मिळालीच नसती. आणि ज्यांची बोटं वाचली त्यांना ती कुठल्या कारणाने वाचली याचं काही पडलेलं नसतं. यावर तुझ्याकडे उत्तर होतं. नेहमीच असायचं. या वेळी ते ऐकायला मिळालं नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा जमिनीचा भाव पत्र्याच्या मालापेक्षा कितीतरी वर गेला होता. शेड पडलं, काचा उभ्या राहिल्या. मी घरी बसले. तू बसली नाहीस. "तिथे आता मशीन नाही, म्हणजे धोका नाही, असं त्या लोकांना वाटतं," तू म्हणालीस, "आणि सगळे जिन्याच्या दाराशी कॉम्प्युटरची खोकी रचून ठेवतात." तू त्या कंपन्यांत शिकवायला जायला लागलीस. आग लागली तर लिफ्ट नाही, जिना. खुर्चीत कसं बसायचं. तासन्‌तास पडद्याकडे बघून मान आखडली तर काय करायचं, झोप उडाली तर कुणाला सांगायचं. आणि शेजारी बसलेला माणूस कोसळला तर त्याची छाती कशी दाबायची.

त्यासाठी तू तो रबरी माणूस घेतलास. अर्ध्या धडाचा, हात नसलेला. त्याला स्कूटरच्या मागच्या सीटवर ओढणीने बांधून तू गावभर फिरायचीस. स्वारगेटच्या चौकात पोलिसाने तुला थांबवलं होतं आणि विचारलं होतं, "मॅडम, हे काय आहे?" तू म्हणाली होतीस, "माझा सहकारी. याला हेल्मेट लागत नाही, मेलेलाच आहे." त्याच्या छातीत एक कळ होती, बरोबर जोर पडला की टक्‌ आवाज करणारी. ती बिघडली की बुधवार पेठेत त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे न्यायचीस. तो प्रत्येक वेळी विचारायचा, "पेशंट कसा आहे?" मला हसू आवरायचं नाही. आत्ताही येतंय, आणि त्या हसण्याचाच राग येतोय.

ज्या कंपनीत तुझा शेवट झाला, तिथल्या पोरांना तू आवडायचीस, हे मी पाहिलं आहे. एकदा तुझ्याबरोबर आले होते. गळ्यात पट्ट्या, कानात बोंडं, बोलणं निम्मं इंग्रजी. तू त्यांना जमिनीवर गुडघे टेकायला लावलंस. पहिल्यांदा लाजले, मग एकेकाच्या कपाळावर घाम आला. टक्‌, टक्‌, टक्‌. एक मुलगी तुला म्हणाली, "मॅम, इथे जॉइन झाल्यापासून फर्स्ट टाइम कुणीतरी विचारलं की आम्हाला काही झालं तर काय." निघताना तू मला म्हणालीस, "बघ, ही टिकेल इथे. आता जा आणि सांग त्यांना तुझ्या भाषेत." टोमणा होता. पण तुझा चेहरा खुलला होता.

मग तिथे मनुष्यबळ विभागाला नवा प्रमुख आला, निखिल. हुशार, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ना?" लावणारा. त्याने तुझं प्रशिक्षण बंद केलं आणि त्याच्या जागी एक व्हिडिओ आणला. बसल्या जागी बघायचा, पुढे जायचं बटण दाबत राहायचं, शेवटी सोपे प्रश्न, की प्रमाणपत्र. पोरं तो एका खिडकीत चालू ठेवायची आणि दुसऱ्या खिडकीत काम करायची. कामाचा वेळ वाया जात नाही, सगळ्यांचं प्रशिक्षण झाल्याची नोंद होते. तुला कळलं तेव्हा तू मला फोन केलास. मला वाटलं म्हणशील, बघ, मी म्हटलं होतं ना, न शिकवणं जास्त परवडतं. तू तसं काहीच म्हणाली नाहीस. फक्त म्हणालीस, "सुधा, त्या व्हिडिओला गुडघे नाहीत गं."

त्याला भेटायला म्हणूनच तू त्या दिवशी गेली होतीस. त्यानेच वेळ दिली होती. भेट झाली की माझ्याकडे जेवायला यायचं ठरलं होतं. तू आली नाहीस म्हणून मी फोन लावला. फोन एका मुलीने उचलला.

"हॅलो, तुम्ही मॅमच्या कोण?"

"मैत्रीण. तुम्ही कोण?"

"मी इथे काम करते. स्नेहा." मागे खूप आवाज येत होते. मग म्हणाली, "मॅमना हॉस्पिटलमध्ये घेऊन चाललेत. तुम्ही या. प्लीज, तुम्ही लगेच या."

मी पोहोचले तेव्हा तू गेली होतीस.

पुढचं स्नेहाने मला सांगितलं, नंतर, माझ्या घरी बसून. लातूरकडची पोर, तुझ्या जुन्या वर्गातली नव्हे. तुझा वर्ग बंद झाल्यावर आलेली, व्हिडिओवाली. ती खाली चहा घ्यायला आली होती आणि तू सोफ्यावरून घसरलीस ते तिने पाहिलं. माणसं जमली. भरपूर जमली, पाच मजल्यांची माणसं. कुणी म्हणालं चक्कर आहे, पाणी पाजा. कुणी तोंडावर पाणी मारलं. कुणी चप्पल हुंगवायला सांगितलं, कारण त्याला वाटलं फिट आहे. गोल करून उभे राहिले आणि फोन लावत राहिले, सगळे एकाच वेळी, एकाच नंबरला. भिंतीवर ते विजेचा झटका देऊन हृदय चालू करायचं यंत्र होतं, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. चोरीला जाऊ नये म्हणून. किल्ली सुपरवायझरकडे, आणि सुपरवायझर पार्किंगमध्ये.

स्नेहा खाली बसली. तिने तुझ्या छातीवर हात ठेवले. व्हिडिओत पाहिलेलं आठवत होतं, ती म्हणाली, पण किती जोरात ते आठवत नव्हतं. तिने थोडं दाबलं. मागून कुणीतरी ओरडलं, "हात लावू नका, काही झालं तर पोलीस केस होईल." तिने हात काढले.

"मी थांबले, काकू," ती मला म्हणाली. "मला माहीतच नव्हतं मी बरोबर करतेय का. जर कुणीतरी एकदा माझे हात धरून दाखवलं असतं ना, तर मी थांबले नसते."

ॲम्ब्युलन्स आली ती मागच्या गेटला. तिथल्या रखवालदाराने तिला पुढच्या गेटने यायला सांगितलं, कारण बाहेरच्या गाड्यांची नोंद पुढे होते. त्याचा काय दोष, त्याला तेवढंच शिकवलं होतं.

मी डॉक्टरांना विचारलं, वाचली असती का. ते म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, पण लगेच छाती दाबली असती तर शक्यता होती. मी खोटं बोलणार नाही, विद्या, तू वाचली असतीसच असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की तुला ती शक्यतासुद्धा मिळाली नाही. शहरात इतक्या लोकांना तू हे शिकवलंस, आणि जिथे पडलीस तिथे तो धडा बंद करून टाकलेला होता. त्याबद्दलच बोलायला तू गेली होतीस, आणि तुला ताटकळत बसवलं होतं.

म्हणून शोकसभेत मी उठले. निखिल बोलत होता. "विद्या मॅम लिव्ड फॉर सेफ्टी. आपल्या आवडत्या कामाच्या जागीच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. अशा वेळी कुणाच्या हातात काही नसतं, ना?"

मी म्हटलं, "होतं. कपाटाची किल्ली होती."

तो म्हणाला, "मॅडम, आय अंडरस्टँड, पण ही वेळ नाही."

"मग कुठली? तिनेही वेळ घेतली होती तुमची. तिला तुम्ही बसवून ठेवलंत. मला उभ्या उभ्याच बोलू द्या." मी लोकांकडे वळले. "इथे बसलेल्या सगळ्यांकडे प्रमाणपत्र आहे. कुणाला छाती दाबता येते?" एकही हात वर झाला नाही. मग मागच्या बाजूला दोन-तीन हात वर झाले. जुनी माणसं होती ती, तुझ्या वर्गातली. त्यातला एक टक्कल पडलेला गृहस्थ उभा राहिला आणि म्हणाला, "मला येते. मी त्या दिवशी घरून काम करत होतो." आणि खाली बसून रडला.

मी आणखी बोलणार होते. तुझ्यासारखं नेमकं बोलता आलं नाही मला. तुझा भाऊ उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चला ताई, झालं." आम्ही निघालो. मागे दोन मिनिटं स्तब्धता पाळली म्हणे. स्तब्धतेचा त्यांना सराव आहे.

स्नेहाने नोकरी सोडली. त्या सोफ्यासमोरून रोज जाता येत नाही, म्हणाली. तिच्या मजल्यावरच्या आणखी काही जणांनी राजीनामे दिले. त्यांनी कारणं वेगवेगळी सांगितली असतील, पण मला दोघांचे फोन आले, खरं कारण काय ते मला माहीत आहे. जिथे आपण पडलो तर लोक गोल करून उभे राहतील, तिथे कोण मन लावून काम करील?

आणि मग, विद्या, गेल्या महिन्यात निखिलचा फोन आला. आवाज उतरला होता. म्हणाला, प्रशिक्षण पुन्हा सुरू करायचं आहे, पूर्वीसारखं, जमिनीवर बसून. पण वरच्यांना पटवायला हवं. "मॅडम, तुम्ही कारखान्यात असताना केलं होतं ना तसं? ट्रेनिंगमुळे लोक टिकतात, काम चांगलं होतं. तुम्ही तेवढं मांडाल का? वरच्यांना आकडे लागतात."

माझ्या डोळ्यांसमोर तुझा न उघडलेला डबा होता. मी जे वर्षानुवर्षं तुला ऐकवत आले, नेमकं तेच हा माझ्याकडे मागत होता, आणि ते खरं होतं, आजही आहे. मी ते त्याला घडाघडा सांगू शकले असते.

मी म्हटलं, "आकडा आहे माझ्याकडे. लिहून घ्या."

"हो, मॅडम."

"एक."

"सॉरी?"

"एक बाई. तुमच्या रिसेप्शनवर. हा आकडा पुरत नसेल, तर माझ्याकडचा दुसरा कुठलाही आकडा तुम्हाला पुरणार नाही."

तो म्हणाला, "बरं." पुढे "ना" न लावता.

त्यांनी सुरू केलं आहे. यंत्राच्या कपाटाचं कुलूप काढलं. टकलू गृहस्थ आणि ते जुने दोघे शिकवतात. स्नेहाला मी तिच्या नव्या कंपनीत विचारायला लावलं, तिथे असं काही शिकवतात का. शिकवत नाहीत. तिथेही जाणार आहे मी. त्या खराडीच्या कंपनीने वर्गाला तुझं नाव दिलं आहे, दारावर पाटी लावणार आहेत, उद्घाटनाला मला बोलावलं आहे. मी जाणार नाही. लोकांना वाटतं, सुधाताईंचं आता समाधान झालं असेल. कसलं समाधान? मेल्यावर तुझं ऐकलं, याचं? मला पाटीवरची विद्या नको होती. भांडकुदळ, आठ्या घातलेली, माझ्या डब्यातली भाजी पळवणारी हवी होती, आणि तिचं ऐकायला तिला मरावं लागायला नको होतं.

आपल्या भांडणात तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. तुला ते आवडणारही नाही. समोर कुणी नसताना जिंकण्यात तुला कधी गोडी नव्हती. पण तुझ्याशी वाद घालायला मला रोज जी ताकद लागायची, ती आता सगळी मोकळी आहे. ती मी त्या न शिकवणाऱ्या कंपन्यांवर खर्च करणार आहे.